तलवारीतल्या ‘नॅनो’चं श्रेय नेमकं कुणाला?

रात्री साडेअकराला धाकट्या भावाचा मेसेज. ‘‘ताई, जागी आहेस का? जुन्या तलवारींत खरंच नॅनोटेक्नॉलॉजी होती?’’

भाऊ एफवायबीएस्सीला आहे. आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञान प्रणाली या विषयात त्याला दहा स्लाइड्सचं प्रेझेंटेशन द्यायचं होतं. विषय मिळाला होता ‘प्राचीन भारतातील नॅनोटेक्नॉलॉजी’. सोबत त्याने फॅमिली ग्रुपवरचा एक फॉरवर्ड पाठवला होता. तुम्हीही तो कुठल्या ना कुठल्या रूपात पाहिला असेलच. पाश्चात्त्यांना नॅनोट्यूब १९९१ मध्ये सापडल्या, आपले लोहार त्या दोन हजार वर्षांपूर्वीच वापरत होते, टिपू सुलतानाच्या तलवारीत त्याचा पुरावा मिळालाय, अभिमान असेल तर पुढे पाठवा, वगैरे.

माझं पहिलं उत्तर होतं, ‘‘फेक आहे, झोप.’’ मास कॉमला शिकताना एक सवय लागते, फॉरवर्ड दिसला की आधी फेक म्हणायचं, मग वाचायचं. पण बातमीच्या दुनियेत इंटर्नशिप करतेय आणि सख्ख्या भावाला न तपासता उत्तर देतेय, हे काही बरं वाटेना. म्हणून शोधायला बसले. दोन तासांनी लक्षात आलं की फॉरवर्ड चूक आहे आणि माझं ‘फेक’ही चूक आहे.

खरं सांगायचं तर तलवारींचा सीझन गेली दोन-तीन वर्षं चालूच आहे. मे २०२३ मध्ये टिपूच्या शयनकक्षातली म्हणून ओळखली जाणारी तलवार लंडनच्या बोनहॅम्सच्या लिलावात सुमारे एक कोटी चाळीस लाख पौंडांना गेली. जुलै २०२४ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्यात आली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या पहिल्या रघुजीराजे भोसल्यांची तलवार मुंबईत आली. राज्य सरकारने ती लंडनच्या सदबीजच्या लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. विमानतळावर स्वागत, मिरवणूक, रील्स सगळं झालं.

या रघुजींच्या तलवारीबद्दल एक गोष्ट बातम्यांत आली, पण ओझरती. तिचं पातं युरोपात बनलेलं आहे. सरळ, एकधारी पातं आणि त्यावर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत रघुजींचं नाव, ‘सेनासाहेब सुभा’ ही पदवी आणि शेवटी शब्द आहे ‘फिरंग’. म्हणजे आजच्या भाषेत इम्पोर्टेड. लपवायचं काही नव्हतंच, उलट सोन्यात कोरून सांगितलं होतं. मराठ्यांना लांब, सरळ फिरंगी पाती आवडायची, ती समुद्रमार्गे यायची आणि मूठ इथे चढायची.

आता गंमत बघा. ज्या काळात युरोपातली पाती आपल्याकडे येत होती, त्याच काळात दख्खनचं स्टील इराणकडे जात होतं. त्या स्टीलच्या तलवारींवर पाण्यावरच्या तरंगांसारखी नक्षी उमटायची आणि युरोपातल्या धातुतज्ज्ञांची त्या नक्षीने अक्षरशः झोप उडवली. भावाच्या प्रेझेंटेशनमधला ‘नॅनो’ सापडला तो या तलवारींत. युरोपात त्यांना ‘दमास्कस’ म्हणायचे.

तर खरं काय सापडलं? नोव्हेंबर २००६ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधकांचा एक छोटा लेख आला. मारियाना राइबोल्ड, पीटर पाउफ्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या ऐतिहासिक संग्रहालयातली एक तलवार तपासली. सतराव्या शतकातली. टिपूची नाही, इस्फहानच्या असद उल्ला या प्रसिद्ध कारागिराच्या नावाची. तिचा बारीकसा नमुना त्यांनी हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकला. लोखंड विरघळलं. जे उरलं ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर कार्बनच्या पोकळ नळ्या दिसल्या, नॅनोट्यूब. काही नळ्यांच्या आत सिमेंटाइटच्या, म्हणजे लोह आणि कार्बनच्या संयुगाच्या, अतिसूक्ष्म तारा होत्या. ॲसिडमध्ये एरवी त्या टिकल्या नसत्या. नळीच्या कवचामुळे वाचल्या असाव्यात, असा संशोधकांचा अंदाज.

एक मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस साधारण ऐंशी हजार ते लाखभर नॅनोमीटर जाड असतो. नॅनोटेकवाले शंभर नॅनोमीटरच्या आतल्या जगात काम करतात. सतराव्या शतकातल्या तलवारीत या मापाची रचना सापडणं ही मोठीच बातमी होती, जगभर ती छापूनही आली.

पण त्या बातमीला ‘पण’ होते. पहिला म्हणजे नमुना एका तलवारीचा. दुसरा, नळ्या सापडल्या म्हणजे तलवार त्यांच्यामुळे धारदार झाली, हे काही सिद्ध झालेलं नाही. आणि तिसरा, दमास्कस स्टीलवर अनेक वर्षं काम केलेले अमेरिकेतल्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीचे जॉन व्हरहोव्हन यांनी तेव्हाच शंका घेतली. सिमेंटाइट स्वतःच दांडीसारख्या आकारात असू शकतं, दिसतंय ते नॅनोट्यूबच कशावरून, असा त्यांचा सवाल. म्हणजे शोध ‘नेचर’मध्ये छापून आलेला, गंभीर आणि वादाला जागा असलेला. विज्ञानात हे नॉर्मल आहे. व्हॉट्सॲपवर मात्र या तिन्ही गोष्टी एकत्र राहत नाहीत.

मग टिपू कुठून आला? जानेवारी २००८ मध्ये विशाखापट्टणमला इंडियन सायन्स काँग्रेस भरली होती. तिथे रॉबर्ट कर्ल आले होते. कार्बनच्या फुलरीन रेणूसाठी १९९६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या तिघांपैकी ते एक. भारतीय कारागीर शेकडो वर्षं नॅनो पातळीवरचे पदार्थ वापरत आले, असं ते म्हणाल्याच्या बातम्या आल्या आणि त्यात टिपूच्या तलवारीचा आणि अजिंठ्याच्या चित्रांचाही उल्लेख होता. पण त्यांच्या म्हणण्यात एक शब्द होता, ‘नकळत’. हे सगळं नकळत झालं, असं ते म्हणत होते. पुढच्या सतरा-अठरा वर्षांत फॉरवर्ड होता होता बाकी सगळं टिकलं, तेवढा शब्द गळला. नोबेलविजेता आहे, टिपू आहे, अजिंठा आहे, ‘नकळत’ नाही.

आणि तो गळल्याने अर्थच उलटा होतो. नॅनोटेक्नॉलॉजी म्हणजे त्या मापाची वस्तू मुद्दाम घडवणं, मोजणं, हवी तशी बदलणं. नुसती वस्तू तिथे असणं म्हणजे टेक्नॉलॉजी नाही. दिव्याच्या ज्योतीवर ताटली धरून आजी काजळ धरायची. त्या काजळीचे मूळ कण नॅनोमीटरमध्येच मोजावे लागतात. म्हणून आजी नॅनोटेक्नॉलॉजिस्ट होत नाही. तमिळनाडूत कीळडी इथे सापडलेल्या सुमारे सव्वीसशे वर्षांपूर्वीच्या खापरांवरच्या काळ्या लेपातही कार्बन नॅनोट्यूब आढळल्याचा शोधनिबंध वेल्लोरच्या व्हीआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. तोही महत्त्वाचा शोध आहे. पण कुंभाराला मडकं काळं, टिकाऊ हवं होतं, नळ्या नको होत्या.

इथपर्यंत वाचून काही जण खूश झाले असतील. बघा, सगळं थोतांड! थांबा. २०१५ मध्ये मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर भाषण झालं. त्यानंतर ‘प्राचीन भारतात’ असं वाक्य सुरू झालं की हसायचं, अशी आपल्यातल्या एका गटाची सवय झालीय. माझीही होती. त्या सवयीत खरंखुरं स्टीलही हसण्यावारी जातं. आणि ते अजिबात हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही.

इंग्रजीत या स्टीलला ‘वूट्झ’ म्हणतात. कन्नडमध्ये स्टीलला ‘उक्कु’ म्हणतात, त्याचाच उच्चार किंवा अक्षरं बिघडून वूट्झ झालं असं मानलं जातं. आणि इथे मुंबईचा खराखुरा संबंध येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईत असलेले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये या स्टीलचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअरसन यांनी त्यावर निबंध वाचला आणि ‘वूट्झ’ हा शब्द छापील इंग्रजीत आला.

ते बनायचं कसं? दक्षिण भारतात फिरलेल्या युरोपीय प्रवाशांनी एकोणिसाव्या शतकात वर्णनं लिहून ठेवलीत. गावोगाव तपशील वेगळे, पण गाभा सारखा. भाताचं तूस मिसळलेल्या मातीची छोटी मूस करायची. तिच्यात घडीव लोखंडाचे तुकडे टाकायचे. सोबत काही ठिकाणी तरवडाचं लाकूड आणि रुईची पानं. हो, शनिवारी मारुतीला घालतो तीच रुई आणि माळरानावर पिवळ्या फुलांनी भरतो तोच तरवड. वर मातीचंच झाकण घालून मूस लिंपायची. अशा बऱ्याच मुशी भट्टीत रचून कोळसा पेटवायचा आणि तासन् तास भाता मारत राहायचा.

आत काय होतं ते आता आपल्याला माहीत आहे. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं. मातीच्या भट्टीत कोळशावर तेवढी उष्णता मिळवणं महाकठीण. पण लाकूड आणि पानं बंद मुशीत जळून कोळसा होतात, त्यातला कार्बन लोखंडात शिरतो आणि वितळण्याचं तापमान खाली येतं. लोखंड पूर्ण पातळ होतं, मळी वर तरंगते. मग मूस हळूहळू थंड होऊ द्यायची. फोडल्यावर हाताला येते ती भाकरीच्या गोळ्याएवढी स्टीलची वडी. तिच्यात कार्बन साधारण दीड टक्का. आपल्या घरांच्या स्लॅबमधल्या सळईत असतो त्याच्या कितीतरी पट. एवढा कार्बन असलेलं स्टील जबरदस्त कडक, पण चुकीच्या हातात पडलं तर ठिसूळ.

या वड्या कुठे जायच्या? नांदेडला लागून असलेल्या निझामाबाद जिल्ह्यात, आजच्या तेलंगणात, कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. १८२० च्या दशकात हेन्री व्हॉयसी हा इंग्रज भूशास्त्रज्ञ तिथे गेला, तेव्हा इराणमधल्या इस्फहानचे व्यापारी स्टील घ्यायला तिथवर येतात, हे त्याने नोंदवून ठेवलं. इस्फहान. ड्रेस्डेनमध्ये ॲसिडमध्ये टाकलेली तलवार जिथल्या कारागिराच्या नावाची, तेच. ती नेमकी तलवार कोनासमुद्रमच्या वडीतून घडली असं कोणी सिद्ध केलेलं नाही आणि मीही म्हणत नाही. मध्य आशियात आणि खुद्द इराणमध्येही मुशीतलं स्टील बनायचं. इराणमधल्या चाहक या ठिकाणी अकराव्या शतकाच्या आसपास क्रोमियम असलेलं स्टील बनत होतं, असं २०२० मधल्या एका अभ्यासात पुढे आलं. तेव्हा ‘फक्त आपणच’ हा मुद्दाही स्लाइडवरून काढावा लागतो. पण दख्खन ते इस्फहान हा रस्ता खरा होता आणि वाहता होता.

आता नक्षी. वडी तापवून ठोकत ठोकत लांब पातं काढायचं, तेही फार न तापवता, मंद लाल असताना. युरोपातले लोहार सवयीने पांढरंशुभ्र होईपर्यंत तापवायचे आणि घण पडला की वडी फुटून जायची. कमी तापमानावर पुन्हा पुन्हा तापवत, ठोकत गेलं की कडक सिमेंटाइटचे कण तुलनेने मऊ पोलादात ओळीने जमतात. शेवटी पात्याला आम्ल लावलं की त्या ओळी उजळ दिसतात, बाकीचं काळवंडतं. झाले पाण्याचे तरंग.

(ऑनलाइन दोन-तीन हजारांना ‘ओरिजिनल दमास्कस’ म्हणून सुरे विकतात, ते हे नव्हे. त्यात दोन प्रकारच्या स्टीलचे थर अळूवडीसारखे एकावर एक ठेवून जोडलेले असतात. काहींवर तर नुसती नक्षी छापलेली असते. घ्यायचा तर भाजी चिरायला घ्या, इतिहास म्हणून नको.)

आणि हवेत फेकलेला रेशमी रुमाल तलवारीवर पडून दोन तुकडे होतो, ही गोष्ट? ती इतकी पसरली त्याला वॉल्टर स्कॉटची १८२५ ची ‘द टॅलिस्मन’ ही कादंबरी बरीचशी कारणीभूत आहे. सलाउद्दीनच्या तोंडी नाही पण हाती तिथे अशीच तलवार दिलीय. पुराव्यात कादंबरी धरत नाहीत.

युरोपाला हे स्टील बनवता येईना. आणि मला वाटतं, या सगळ्या विषयातला वाचण्यासारखा भाग इथून सुरू होतो. १८१९ मध्ये मायकेल फॅरेडेने, हो, आपल्या फिजिक्सच्या पुस्तकातल्याच, वूट्झचं रासायनिक विश्लेषण छापलं. फॅरेडेचे वडील लोहार होते. त्याचा निष्कर्ष साफ चुकला. ॲल्युमिना आणि सिलिकामुळे हे स्टील असं होतं, असं त्याला वाटलं. पण तसं बनवून बघायच्या नादात त्याने जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्या कारागिराबरोबर स्टीलमध्ये प्लॅटिनम, चांदी, क्रोमियम असं काय काय मिसळून पाहिलं. मिश्रधातूंच्या अभ्यासाची ती सुरुवातीची पानं. तिकडे पॅरिसच्या टांकसाळीतल्या ब्रेआँने १८२१ च्या सुमाराला ओळखलं की गुपित कार्बनमध्ये आहे. रशियात झ्लातोउस्तच्या कारखान्यात पावेल अनोसोव्ह कित्येक वर्षं याच नक्षीमागे लागला होता.

म्हणजे ज्यांना जमत नव्हतं ते ‘का’ विचारत राहिले आणि त्या ‘का’ची नोंद ठेवत, छापत, एकमेकांच्या चुका काढत गेले. ज्यांना जमत होतं, त्यांची गोष्ट उलटी झाली. चांगल्या नक्षीच्या तलवारी अठराव्या शतकाच्या मध्यानंतर कमी होत गेल्या आणि एकोणिसाव्या शतकात ही कला जवळपास संपली.

का संपली, याची बरीच कारणं सांगतात. बंदुका आल्या, स्वस्त विलायती लोखंड आलं, कोळशासाठी लागणाऱ्या जंगलांवर बंधनं आली, १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यारंच परवान्याखाली गेली. मला सगळ्यात चटका लावणारं कारण मात्र व्हरहोव्हन आणि फ्लोरिडातला लोहार आल्फ्रेड पेन्ड्रे यांनी सुचवलं. प्रोफेसर आणि लोहार, दोघांनी मिळून वर्षानुवर्षं वड्या बनवल्या, ठोकल्या, फोडल्या. १९९८ मध्ये त्यांनी मांडलं की नक्षी उमटायला लोखंडात व्हॅनेडियमसारखं एखादं मूलद्रव्य अगदी अंशमात्र, किलोमागे ग्रॅमचाही छोटासा भाग, असावं लागतं. त्याच्यामुळे कण ओळीत जमतात. काही विशिष्ट खाणींच्या खनिजात ते आपोआप होतं. ती खनिजं संपली किंवा बदलली आणि नक्षी उमटेनाशी झाली.

कल्पना करा. तोच भाता, तीच रुई, तेच हात. बापाने शिकवलं तसंच सगळं केलंय आणि वडी बिघडतेय. त्यातही वडी बनवणारा दख्खनमध्ये आणि तलवार घडवणारा इस्फहानमध्ये, मध्ये व्यापारी आणि समुद्र. नक्षी दिसणार शेवटच्या टप्प्यावर, चूक झालेली पहिल्या. कुणाला विचारायचं? व्हॅनेडियमचा शोधच मुळी एकोणिसाव्या शतकातला. एक-दोन पिढ्या नक्षी आली नाही की शिकवायला काही उरत नाही.

म्हणून तो ‘नकळत’ शब्द मला पूर्ण बरोबरही वाटत नाही. नॅनोट्यूब नकळत झाल्या, मान्य. पण स्टील? कुठलं लोखंड घ्यायचं, कुठलं झाड, मुशीत तूस किती, मूस कधी काढायची, किती सावकाश निवू द्यायची, कुठल्या रंगाला घण मारायचा, हे सगळं त्या लोकांना पक्कं माहीत होतं. थर्मामीटर नव्हता, डोळा होता. हे ज्ञान आहे आणि चुकतमाकत, पिढ्यान् पिढ्या कमावलेलं आहे. आपण त्यांना देतोय ते न केलेल्या गोष्टीचं श्रेय आणि केलेल्या गोष्टीबद्दल एक स्लाइडही नाही. फॉरवर्डमध्ये टिपू आहे, लोहार नाही. मिरवणुकीत रघुजी आहेत, पातं घडवणारा नाही, मग तो युरोपातला का असेना.

यात तुमच्या-माझ्या क्रेडिट्सचा प्रश्न आहे. यूजीसीच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार विद्यार्थ्यांनी एकूण क्रेडिट्सच्या किमान पाच टक्के आयकेएसचे घ्यावेत आणि त्यातले निम्मे तरी आपल्या मुख्य विषयाशी जोडलेले असावेत, अशी अपेक्षा आहे. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात पहिल्या वर्षी आयकेएसचे दोन क्रेडिट्स आलेत. म्हणजे लाखो मुलं दरवर्षी यावर काहीतरी लिहिणार, बोलणार. केमिस्ट्रीच्या मुलाला लोह-कार्बनचा फेज डायग्राम शिकायला वूट्झपेक्षा चांगलं निमित्त कुठलं? इंजिनीअरिंगवाल्यांकडे मेटलर्जीची लॅब असते, इतिहासवाल्यांकडे प्रवासवर्णनं. बेंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतल्या शारदा श्रीनिवासन आणि इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या जिल ज्युलेफ यांच्या पथकाने २०१० मध्ये उत्तर तेलंगणात गावोगाव फिरून लोखंड गाळल्याच्या खुणा नोंदवल्या. मळीचे ढीग, मुशींचे तुकडे, लोकांच्या आठवणी. हे आपल्या सीमेपासून एका दिवसाच्या अंतरावर. आयकेएसची सहल अशी असू शकते. त्याऐवजी बहुतेक ठिकाणी दहा स्लाइड्स, पहिल्यावर ऋषींचं चित्र, शेवटच्यावर ‘थँक यू’. दोष मुलांचा नाही आणि प्रत्येक वेळी शिक्षकांचाही नाही. साठ-सत्तर मुलांना विषय वाटायचे, तपासायचे, मार्क भरायचे, यात कुणी मूळ शोधनिबंध कधी वाचायचा? पण मग ‘अभिमान वाटतो का’ एवढीच परीक्षा उरते आणि त्यात कुणीच नापास होत नाही.

मी भावाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ‘‘ताई, तू लेक्चर देतेयस. स्लाइड काय टाकू ते सांग.’’

शेवटी तो शनिवारी आमच्या गावच्या बाजारात गेला. तिथे अजून एक लोहारकाका बसतात. विळे, खुरपी, कोयते. भात्याच्या जागी आता विजेचा पंखा आहे आणि लोखंड म्हणजे ट्रकचा जुना पाटा. भावाने मोबाइल चालू ठेवून विचारलं, ‘‘काका, किती तापवायचं हे कळतं कसं?’’ काका म्हणाले, ‘‘रंग बघायचा. पण उन्हात रंग खोटा दिसतो, म्हणून वर हे पोतं बांधलंय.’’ ते पोतं मी लहानपणापासून बघत आलेय. मला कायम वाटायचं ते काकांना ऊन लागू नये म्हणून आहे. मग विळ्याला पाणी कसं द्यायचं, सगळा बुडवायचा की नुसती धार, ट्रकच्या कुठल्या पाट्याचा कोयता टिकतो आणि कुठल्याचा पहिल्याच उसाला वाकतो, हेही त्यांनी सांगितलं. त्यांच्या मुलाचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. ‘‘लिहून ठेवलंय का कुठे?’’ या प्रश्नावर काका नुसते हसले.

व्हिडिओ अकरा मिनिटांचा झालाय. भावाने प्रेझेंटेशनमधून टिपूची तलवार काढली, ड्रेस्डेनची ठेवली, ‘नकळत’ शब्द लाल केला आणि विषय बदलून ‘मुशीतलं स्टील आणि आपला लोहार’ असा चालेल का, सोबत व्हिडिओ जोडला तर चालेल का, असं सरांना मेलवर विचारलं. सबमिशन सोमवारी आहे. हा लेख पानावर जाईपर्यंत उत्तर आलेलं नव्हतं.